दामदुप्पट

बाबांच्या कपाटात किसान विकास पत्रांचं एक पाकीट असायचं. १९८८ साली ही पत्रं निघाली तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दामदुप्पट होत. हजाराचे दोन हजार झाले की बाबांचा हिशेब संपायचा; माझा तिथे सुरू व्हायचा. ते दोन हजार पुन्हा गुंतवले तर चार, मग आठ, सोळा!

शाळेत चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ होतं, पण उदाहरणं दोन-तीन वर्षांपुढे जात नसत. दहा टक्क्यांनी हजार रुपयांवर तीन वर्षांचं सरळव्याज ३००, चक्रवाढ ३३१. एकतीस रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटायचं. तीच रक्कम तीस वर्षं ठेवा: सरळव्याजाने ४,००० होतात, चक्रवाढीने १७,४४९. खरी गंमत जिथे सुरू होते, नेमकं तिथेच पुस्तक थांबायचं.

सावकारीत पोळलेल्या समाजाला हे पुस्तकाविनाच कळलं असावं. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत असलेला दामदुपटीचा जुना नियम सांगतो की, एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. गणिताला नसलेलं कुंपण कायद्याने घातलं. मला हा नियम फार शहाणा वाटतो.

नोकरीत आल्यावर ७२ला व्याजदराने भागायची युक्ती कळली. साडेसात टक्के असतील तर सुमारे ९.६ वर्षांत दुप्पट. रक्कम लाख असो वा कोटी, मुदत तीच. हीच युक्ती उलटीही चालते: महागाई सहा टक्के राहिली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत जवळपास निम्मी. बाबांनी हा भागाकार कधी केला नाही; पाकीट मात्र जपून ठेवलं.

मग आईला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं. ते आठ दिवसांत निम्मं होतं, असं कळल्यावर मावशी म्हणाली, ‘‘म्हणजे सोळा दिवसांत संपलं!’’ नाही, सोळा दिवसांनी पाव उरतं, चोविसाव्या दिवशी अष्टमांश, आणि ऐंशी दिवसांनी एक हजार चोविसावा भाग. शरीर लघवीवाटेही ते टाकतं, म्हणून प्रत्यक्षात याहून लवकर कमी होतं. मी कागदावर आलेख काढून दाखवला; रेघ खाली येत राहते, पण अक्षाला टेकत नाही.

आईने चष्मा वर सरकवून विचारलं, ‘‘ते राहू दे. नातवाला मांडीवर कधी घेऊ?’’

ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं.