हाजरा : पाण्याच्या शोधाचे नाव

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पेण सोडते तेव्हा आम्हाला खिडकीतून खारेपाट दिसू लागतो. खाडी, मिठागरे, खारबंदिस्तीचे बांध. सगळीकडे पाणी, पण पिण्याजोगे नाही. पुढे कासू, नागोठणे आणि मग कुंडलिकेकाठचे रोहे. कोकण रेल्वे इथूनच सुरू होते.

या पट्ट्यातल्या आपल्या घरांत एक जुने नाव आजही कानावर पडते : हाजरा. कुणाची आजी, कुणाची नात. मूळ अरबी उच्चार हाजर. काही जण त्याला 'हाजिर' म्हणजे उपस्थित याच्याशी जोडतात, पण अरबीत त्या शब्दाची अक्षरे वेगळी आहेत. हाजराचा संबंध लावला जातो तो हिजरतशी. म्हणून अर्थ सांगतात, 'घरदार सोडून निघालेली'.

हजरत इब्राहीम (अ.) यांनी हजरत हाजरा आणि तान्ह्या इस्माईल (अ.) यांना मक्केच्या ओसाड खोऱ्यात ठेवले. "हा अल्लाहचा हुकूम आहे का?" एवढेच त्या माउलीने विचारले. हो म्हणताच ती निश्चिंत झाली, पण हातावर हात ठेवून बसली नाही. पाणी संपले तशी ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. मग झमझम उसळले. आज हज-उमऱ्याला जाणारे स्त्री-पुरुष सई करतात, ते तिच्याच पावलांवरून.

बुखारी शरीफमधला पुढचा प्रसंग मात्र घरात क्वचितच सांगितला जातो. जुरहुम टोळीचे लोक तिथे आले आणि वस्तीसाठी त्यांनी हाजराची परवानगी मागितली. तिने ती दिली, पण एका अटीवर : पाण्यावर मालकी सांगायची नाही. त्यांनी ते मान्य केले. मक्का वसली ती एका बाईच्या परवानगीने.

पेणच्या खारेपाटात ही गोष्ट आम्हाला जास्तच जवळची वाटते. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. रोह्याची कुंडलिका मात्र भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही वाहते. दोन्ही गावांत अंतर थोडे, पण पाण्याचे नशीब वेगळे. या हंडेवाल्यांत कुणी हाजरा असेल, कुणी सुनंदा. पायपीट एकच.

आखातात कामाला गेलेल्या पुरुषांमागे घर, शेत आणि मुले सांभाळणाऱ्या बायाही आपल्या कोकणाला नव्या नाहीत. म्हणून लेकीचे नाव हाजरा ठेवाल तेव्हा तिला सबराबरोबर ती अटही सांगा. भरवसा अल्लाहवर ठेवायचा, पाय चालते ठेवायचे, पाणी सर्वांना द्यायचे आणि आपला हक्क सोडायचा नाही.