पद्मिनीचे दिवे उजळले!

रिले! एवढीशी काळी डबी, खाली चार पाय, आणि पोटात इतकी देखणी युक्ती! तिची ओळख झाल्यापासून मी भेटेल त्याला तिच्याबद्दल सांगत सुटले आहे.

आमची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन अजून खणखणीत, पण हेडलाइट पिवळट, मरगळलेले. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात तर रस्त्याची कडाच दिसत नसे. म्हणून फॉग लॅम्प बसवायला कोल्हापुरातल्या एका जुन्या वायरमनकडे गाडी नेली. तो म्हणाला, "ताई, फॉगचं नंतर बघू. आधी ह्यो आकडा बघा." इंजिन चालू ठेवून त्याने मीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, हेडलाइटच्या बल्बपाशी ११.९!

जवळपास दोन व्होल्ट वाटेतच गडप! कारण सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डाखाली जातो, स्विचमधून फिरतो आणि पुन्हा पुढे येतो. त्या वाटेवर जुनी बारीक तांब्याची तार, काळवंडलेले जोड, गंजलेलं अर्थ. आणि बल्ब किती हळवा असतो! व्होल्टेज १४ टक्के घटलं, की उजेड साधारण ४० टक्के घटतो. म्हणजे बल्ब चांगलेच होते, उपाशी होते बिचारे.

मग आली रिले. ८५ आणि ८६ या पायांमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. स्विच दाबला की वेटोळ्याचं चुंबक होतं, आतली पट्टी खेचली जाते, 'टक्' असा आवाज येतो आणि ३० व ८७ जोडले जातात. जाड तारेतून, बॉनेटखालच्या जवळच्या वाटेने, बॅटरीचा करंट थेट दिव्यांत! स्विचने फक्त हुकूम सोडायचा. तो आवाज मी पुन्हापुन्हा ऐकला. बल्ब तेच, काचा त्याच, आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र!

फॉग लॅम्पलाही हीच तऱ्हा. ५५ वॅटचे दोन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर नऊ अँपिअरहून थोडं जास्त. त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीला खेटून, कारण फ्यूजच्या अलीकडे तार घासली तर तिला वाचवणारं कुणीच नसतं. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट हवंच. अर्थसाठी रंग खरवडून उघडा पत्रा गाठायचा. दिवे बंपरखाली बसवले, कारण उंचावरचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. स्विचचा करंट पार्किंग लाइटवरून घेतला, त्यामुळे गाडीचे दिवे बंद केले की फॉगही विझतात. किती साधं आणि किती शहाणं!

आमच्या गाडीत डायनामोच्या जागी आधीच अल्टरनेटर आला होता. तुमच्याकडे डायनामोच असेल तर घाटात सावकाश चढताना हा भार बॅटरीवर पडतो, हे आधी तपासा.

आणि जुन्या गाडीचे दिवे मंद वाटत असतील तर नवे झगझगीत बल्ब विकत घेऊ नका. आधी इंजिन चालू करा, दिवे लावा आणि बल्बपाशी किती व्होल्ट पोचतात ते मोजा!