आठ चिप्स, सोळा चिप्स

मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलर चालू असूनही खोली भट्टीसारखी तापलेली असताना, माझ्या कॉम्प्युटरने प्रबंधाच्या १८२व्या पानावर मान टाकली. विद्यापीठातल्या एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध होता, देवगिरी किल्ल्याच्या पाणीव्यवस्थेवरचा. त्या पानावर हत्ती हौदाचा मोठा फोटो होता. माउसचा बाण गोठला आणि सीपीयूच्या डब्यावरचा हार्डडिस्कचा लाल दिवा पेटला तो विझेचना. प्रबंध सोमवारी बाइंडिंगला जायचा होता.

सिडकोतल्या घरात २०१० पासून मी याच संचावर डीटीपी करते. "नवा का घेत नाहीस?" असं घरचेही विचारतात. पण इतक्या वर्षांतले प्रबंध, स्मरणिका, लग्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फाइली दुसरीकडे उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा दिसतो. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतं आणि माझ्याकडच्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा आहे. लोक जुने प्रबंध पुस्तक करायला म्हणून दहा वर्षांनीही परत घेऊन येतात. त्यांना "आता ते उघडत नाही" असं सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मला वाटतं.

टास्क मॅनेजर उघडून पाहिलं. प्रोसेसर निवांत होता, मेमरी मात्र ९६ टक्के भरलेली. म्हणजे दुखणं नेमकं रॅमचं. स्वयंपाकाच्या ओट्यावर जागा नसली की प्रत्येक डबा माळ्यावरून काढायचा आणि परत ठेवायचा, तसं चाललं होतं. आत २ जीबीची एकच स्टिक होती, दुसरा स्लॉट रिकामा. बोर्ड इंटेलच्या जी४१ चिपसेटचा. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं: डीडीआर३, दोन स्लॉट, कमाल ८ जीबी.

डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, हे मला ठाऊक होतं. तेवढ्या ज्ञानावर शहरातल्या एका दुकानातून ४ जीबीची डीडीआर३ स्टिक आणली. बसवली, बटण दाबलं, आणि डब्यातून लांबलचक बीप सुरू झाले. काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, स्लॉट बदलून पाहिला. बीप तेच. जुनी स्टिक लावली की मशीन मुकाट्याने सुरू. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी डबा रिक्षात टाकून औरंगपुऱ्यात गेले. तिथे एक काका जुन्या मशीनची दुरुस्ती करतात. त्यांनी डबा उघडायच्या आधी माझी नवी स्टिक हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ताई, चिप्स मोजल्या का?"

एका बाजूला आठ होत्या, दुसरी बाजू कोरी. स्टिकरवर १आरx८ असं छापलेलं होतं, तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं. काकांनी पावतीच्या मागे हिशेब मांडला. ४ जीबी आठ चिप्सवर म्हणजे एका चिपवर ५१२ एमबी, म्हणजे ४ गिगाबिट. माझ्या बोर्डाला एका चिपवर २ गिगाबिटपर्यंतच ओळखता येतं, म्हणजे २५६ एमबी. ४ जीबीची स्टिक चालवायची तर दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण सोळा चिप्स हव्यात. वर २आरx८ लिहिलेलं असतं, ती. दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. नव्या बोर्डावर तीच स्टिक उत्तम चालली असती. पण 'डीडीआर३, ४ जीबी' एवढंच विचारून जुन्या मशीनसाठी रॅम देऊ नये, हे मात्र ठामपणे वाटतं.

"मग सोळावाल्या दोन द्या, ८ जीबी करून टाकू," मी म्हटलं.

"विंडोज कितीचं आहे?"

३२ बिटचं. तिथे सगळा हिशेबच बदलला. ३२ बिटला ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता येतात आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स वगैरे उपकरणांच्या वाट्याला जातो. हाती साधारण सव्वातीन उरतात. ८ जीबी वापरायचे तर ६४ बिट विंडोज हवं, आणि ते माझ्या डोंगलचा ड्रायव्हर घेणार नाही. ज्या फाइलींसाठी हे मशीन जपलं त्याच बंद पडल्या असत्या.

काकांनी खोक्यातून २ जीबीची वापरलेली स्टिक शोधली, आठ चिप्सची, माझ्या जुनीच्या जोडीची. ती १३३३ची होती. बोर्ड १०६६वर चालतो, त्यामुळे तीही त्याच वेगाने चालणार, पण सारख्या क्षमतेच्या दोन स्टिक दोन स्लॉटमध्ये असल्या की ड्युअल चॅनेल मिळतं. खर्च नव्या स्टिकच्या निम्माही नाही.

घरी आल्यावर अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या पत्र्याला आधी हात लावला, मग स्टिक दाबली. दोन्ही बाजूंच्या खुंट्या टक् करून बसल्या. रात्रभर मेमटेस्ट चालवला. पहाटे पाहिलं तर चूक एकही नाही. १८२वं पान उघडलं, हत्ती हौद वरपासून खालपर्यंत सावकाश उमटला आणि लाल दिवा विझला. प्रबंध सोमवारी गेला.

काकांची ती हिशेबाची पावती मी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे.