बोटीच्या पोटात

समुद्रप्रवास केलेले वाचक पुष्कळ असतील. परंतु बोटीला चालविणारे यंत्र पाहण्यास तिच्या पोटात उतरण्याचा प्रसंग थोड्यांवरच आला असेल. आम्हांवर तो आला, याचे कारण आमचा पुतण्या. त्याने आगबोटीवर इंजिनियर होण्याचा हट्ट धरला, थोरल्या वहिनींना अन्न गोड लागेनासे झाले, आणि "भावोजी, एकदा तुम्हीच पाहून या," असा हुकूम सुटला.

मुंबईच्या इंदिरा गोदीत एक मालवाहू जहाज लागले होते. उभ्या लोखंडी शिड्यांनी आम्ही पुतण्यासह खाली उतरलो, तो समोर वाड्याएवढे उंच इंजिन! मुख्य इंजिनियर मोठे सौजन्यशील गृहस्थ. ते म्हणाले, "मोटारीचे इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, हे जेमतेम शंभर घेते, कारण याचा दांडा थेट मागच्या पंख्याला जोडलेला आहे. जहाज मागे न्यावयाचे तर इंजिनच उलटे फिरवावे लागते." ते सुरू होते दाबलेल्या हवेने, आणि जळते ते डांबरासारखे दाट तेल, आधी तापवून व गाळून घेतलेले. इंजिन थंड करून तापलेल्या पाण्याची उष्णताही वाया जात नाही. एका पात्रातील हवा काढून घेतली की तेवढ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी पन्नास अंशांच्या आतच उकळते, व त्या वाफेचे गोडे पाणी होते. चुलीतल्या उरल्या निखाऱ्यांवर दूध ठेवणाऱ्या आमच्या आजीची आम्हांस आठवण झाली.

पुतण्याने पाठ केलेली सूत्रे घडाघड म्हटली. साहेबांनी ती ऐकून घेतली व विचारले, "भर समुद्रात वीज गेली तर?"

"वर कळवीन."

"वर आधीच कळलेले असते, बाळ. ४५ सेकंदांत आपत्कालीन वीज मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. तोवर शिडी कोठे, विजेरी कोठे, कोणता व्हॉल्व्ह कोठे, हे अंधारात हाताला ठाऊक हवे." १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिचा एकही इंजिनियर वाचला नाही, हेही त्यांनी लपविले नाही.

घरी येऊन आम्हीही वहिनींपासून काही लपविले नाही.

"मग तो घाबरला का?" त्यांनी विचारले.

"घाबरला; पण वर येताना शिडीच्या पायऱ्या मोजीत आला."

वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या पुस्तकांपाशी एक नवी विजेरी ठेवलेली आम्ही पाहिली.