तोंड काळें कां झालें?

खेळ खेळण्यापेक्षां तो खेळण्याजोगा करण्यांत अधिक वेळ घालविणारीं माणसें जगांत पुष्कळ आहेत. पतंग उडविण्यापेक्षां मांजा सुतण्यांत रमणारीं मुलें आपण सर्वांनींच पाहिलीं आहेत. ही मंडळी त्याच जातीची. माझी पुतणी त्यांतली एक. तिचा खेळ संगणकावरचा आहे आणि त्याचें नांव ‘स्कायरिम’.

ज्यांना हें नांव अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. अमेरिकेंत मेरीलंड राज्यांतील रॉकव्हिल येथें बेथेस्डा नांवाची मंडळी आहे; तिनें हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध केला. उत्तरेकडचा एक काल्पनिक बर्फाळ मुलूख, त्याच्या नऊ जहागिऱ्या, त्यांत पेटलेली यादवी, आणि नामशेष झाले असें समजलेले ड्रॅगन पुन्हां उठलेले, अशी एकंदर कथा. खेळणारानें एक वीर होऊन मनास येईल तिकडे भटकावयाचें. राक्षस, चेटकिणी आणि मंतरलेल्या तलवारी यांचें आपणांस नवल वाटण्याचें कारण नाहीं. तें सारें आपल्या आजीनें आपणांस फुकट सांगितलेलें आहे. नवल आहे तें निराळ्याच गोष्टीचें. हें जग बनविणारांनीं त्याच्या भिंतींत एक दार मुद्दाम उघडें ठेवलें. जग घडविण्याचें अवजार २०१२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं सर्वांच्या हातीं दिलें. (याच घराण्यांतल्या २००२ सालच्या ‘मॉरोविंड’ या खेळाबरोबर तर तसें अवजार तबकडींतच येई.) मग काय विचारतां! कोणी पाऊस अधिक खरा केला, कोणी रानांत झाडें वाढविलीं, कोणी मूळ कर्त्यांच्या हातून राहिलेल्या चुका सुधारल्या, कोणी नवीं गांवें वसविलीं. अशा एकेका भरीला ‘मॉड’ म्हणतात. करणारे बहुतेक हौशी, देशोदेशींचे, एकमेकांना न ओळखणारे. हें शेवटचें विशेषण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढचा सगळा घोळ त्यांतूनच उद्भवतो.

पुतणीच्या खेळांत असे १३१ मॉड आहेत. आणि त्यांतला तिचा डाव तिच्या एकटीचा नाहीं. तिच्या थोरल्या भावानें परदेशीं शिकावयास जाण्यापूर्वीं तो मांडला आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं तिच्या स्वाधीन केला. तेव्हांपासून दर रविवारीं त्याचा फोन येतो. आईवडिलांशीं प्रकृति, हवा आणि जेवण यांविषयीं चार शब्द झाले कीं बहीणभावांचें खरें बोलणें सुरू होतें: वीर कोठवर पोंचला, कोणती गुहा पाहिली, सोबत कोणाला घेतलें. माझ्या वहिनींना हा पोरखेळ वाटतो. मला तसें वाटत नाहीं. दूर गेलेल्या भावाशीं दर आठवड्याला बोलावयास नवा विषय असणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

या वीराची सोबतीण लिडिया. व्हाइटरन शहराच्या सरदारानें कामगिरीबद्दल दिलेली ही अंगरक्षक. ओझें वाहते, लढते, आणि थोडी कुरकुरतेहि. एके दिवशीं पुतणी धांवत माझ्या खोलींत आली.

“काका, लिडियाचं तोंड काळं झालं हो!”

आपल्या भाषेंत या शब्दांचा अर्थ फार वाईट होतो. म्हणून मी लगबगीनें उठून पाहावयास गेलों. मान, हात, पाय सारें जसेंच्या तसें; चेहरा तेवढा चुलींतल्या राखेसारखा करडा-काळा. जणूं दुसऱ्याच कोणाचें मुंडकें आणून बसविलें होतें. हें अनुमान किती अचूक होतें तें पुढें कळेल.

सल्ला द्यावयास मंडळी लगेच जमली. “सगळं काढून टाक आणि पुन्हां घाल,” हा सर्वांचा एकमुखी निर्णय. हल्लीं कोणतेंहि यंत्र बिघडलें कीं हाच मंत्र ऐकूं येतो. भिंतीला ओल आली म्हणून वाडा पाडून पुन्हां बांधावा, तशांतला हा उपाय. आणि या खेळांत तर तो घातकहि आहे. कारण जपून ठेवलेल्या डावांत नुसता वीर कोठें उभा आहे एवढेंच लिहिलेलें नसतें. निरनिराळ्या मॉडांच्या ज्या आज्ञा त्या वेळीं चालू असतात, त्याहि त्यांत उतरलेल्या असतात. खालचा मॉड काढून घेतला तरी त्याच्या आज्ञा पोरक्या होऊन डावांत तशाच राहतात. मग कधीं डाव उघडतच नाहीं, तर कधीं महिन्याभरानें भलत्याच ठिकाणीं कुरापत निघते. मॉडांचा क्रम बेतानें बदलावा, त्याला डाव बहुधा सोसतो. चालत्या डावांतून मॉड उपटणें त्याला सोसत नाहीं. पुतणीला हें ठाऊक होतें. “दादाचा डाव मी मोडणार नाहीं,” एवढेंच ती म्हणाली आणि सल्लागार मंडळ बरखास्त झालें.

माझा उभा जन्म जमाखर्च तपासण्यांत गेला. त्या धंद्यांत एक संवय लागते. बेरीज चुकली म्हणून वही कोणी फाडीत नाहीं. शेवटची नोंद कोणाच्या हातची, तें आधीं पाहावयाचें. येथेंहि तेंच करावयाचें ठरलें. मात्र त्यापूर्वीं डावाच्या फाईलची नक्कल दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवविली.

सुट्या पानांची जुनी पोथी वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. स्कायरिम ही तशीच एक अवाढव्य पोथी आहे. तींतील प्रत्येक माणसाला, प्रत्येक तलवारीला, प्रत्येक दाराला स्वतःचें एक पान. मॉड करणाराला त्या पानावरचें एकच अक्षर खोडून दुसरें लिहितां येत नाहीं. त्यानें सबंध पान नव्यानें उतरून काढावें आणि जुन्या पानावर ठेवून द्यावें, अशी रीत आहे. वाचणारा, म्हणजे खेळ, सर्वांत वरचें तेवढें पान वाचतो. आतां समजा, एका कर्त्यानें लिडियाला नवा चेहरा देऊन तिचें पान लिहिलें. दुसऱ्याला तिच्या हातीं चांगली तलवार द्यावयाची होती. त्याला पहिल्याची वार्ताहि नाहीं. त्यानें मूळ पोथींतून, मूळ चेहऱ्यासकट, पान उतरलें, तलवार बदलली आणि तें वर ठेवलें. चेहऱ्याशीं त्याचें कांहीं भांडण नव्हतें. तरी पहिल्याचें काम झांकलें गेलें तें गेलेंच. पानें रचण्याच्या या क्रमाला ‘लोड ऑर्डर’ म्हणतात.

घरांतलें उदाहरण घ्यावयाचें तर दोन सुनांनीं एकमेकींच्या नकळत आमटींत मीठ घातलें म्हणजे आमटी खारट होते. पण दोघींचेंहि मीठ तींत असतें. येथें तसें नाहीं. येथें दुसरी सून चिमूटभर हिंग घालावयास आली तरी पहिलीची आमटी मोरींत ओतून नवी आमटी चढविते.

व्याकरण शिकलेल्यांना येथें पाणिनीची आठवण होईल. दोन तुल्यबल नियम एकमेकांच्या आड आले तर नंतरचा घ्यावा, असा अर्थ परंपरेनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायांतील चौथ्या पादाच्या दुसऱ्या सूत्राला लावलेला आहे. (ऋषि राजपोपट यांच्या केंब्रिज येथील प्रबंधानें त्या सूत्राचा अर्थ निराळा लावला, आणि २०२२ च्या अखेरीस त्याची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली, तो वाद पंडितांवर सोंपवूं.) पण पाणिनीचीं सूत्रें एका असामान्य बुद्धीनें ओळीनें बसविलेलीं. येथें १३१ भरींचे परस्परांना अनोळखी कर्ते, आणि त्यांची ओळ लावणार एकोणीस वर्षांची मुलगी!

ओळ लावून देणारा एक फुकटचा कार्यक्रम आहे, नाहीं असें नाहीं. त्याचें नांव ‘लूट’. हा इंग्रजी शब्द आपल्याकडूनच विलायतेस गेलेला. तो असा नव्या कामाला लागलेला पाहून मला गंमत वाटली. अनुभवी मंडळींनीं सांगितलेले नियम त्याच्यापाशीं सांठविलेले असतात: हा मॉड त्याच्यानंतर बसवा, तो याच्या आधीं नको. एखादा मॉड दुसऱ्यावर अवलंबून असेल तर आधार आधीं आणि आश्रित मागून, हेंहि तो पाहतो. पण तुम्हांला लिडियाची नवी तलवार अधिक प्रिय कीं नवा चेहरा, हें त्याला कोठून कळावें? पुतणीनें तो चालविला. ओळ सुरेख लागली. लिडियाचें तोंड होतें तसेंच राहिलें.

खरी गोम येथेंच होती. चेहऱ्याचें सगळें वर्णन पानावर असतें, पण चेहरा पानावर नसतो. नाक कोणतें, केस कसले, वर्ण कसा, हें पान सांगतें. प्रत्यक्ष घडविलेला मुखवटा मात्र वेगळ्या फाईलींत तयार ठेवलेला असतो. आणि अनेक मॉडांनीं आणलेल्या मुखवट्यांपैकीं कोणता घ्यावयाचा, हें लोड ऑर्डर ठरवीत नाहीं. तें ठरतें मॉड बसवितांना कोणाच्या फाईली कोणाच्या वर पडल्या यावरून. त्यांतहि सुटी फाईल बांधलेल्या गठ्ठ्यावर मात करते, हा आणखी एक पोटनियम. म्हणजे क्रम एक नव्हे, दोन. एक पानांचा, एक फाईलींचा. आमच्या लिडियाचें पान तलवारवाल्याचें वर आलेलें आणि मुखवटा चेहरेवाल्याचा. पानावर नारद लिहिला असून पेटाऱ्यांतून रावणाचा मुखवटा निघाला तर सूत्रधार जसा गोंधळेल, तसा हा खेळ गोंधळतो, आणि वर्णन व मुखवटा यांचा मेळ बसेना कीं तोंडाला राख फांसून मोकळा होतो. पुष्कळजण याच ठिकाणीं फसतात. पानांचा क्रम शंभरदां हालवितात. फाईलींचा क्रम असतो ही गोष्ट त्यांच्या गांवींहि नसते.

शेजारच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलानें निम्मे-निम्मे करण्याची युक्ति सुचविली होती: अर्धे मॉड बंद करावे, दोष राहिला तर उरलेल्यांत शोधावा, पुन्हां अर्धे करावे. १३१ मॉडांना फार तर आठ फेऱ्या लागतात, आणि दोष कोठें आहे याचा मागमूसहि नसेल तेव्हां ही युक्ति उत्तमच. पण ती वेगळ्या, नव्या डावावर करावी. शिवाय बंद केलेल्या अर्ध्यांत चालू असलेल्यांचा आधार असला तर खेळ भलत्याच कारणानें कोसळतो आणि शोध बहकतो. आमचा संशयित तर नांवानिशीं समोर उभा होता. मग गांवभर झडती कशाला?

‘एक्स-एडिट’ नांवाचें एक साधन आहे. माझ्यासारख्या हिशेबनीसाला तें पाहतांच आवडलें, कारण तें म्हणजे निव्वळ ताळेबंद आहे. लिडियाचें नांव काढलें कीं तिचीं सर्व पानें शेजारीं-शेजारीं उभीं राहतात: डावीकडे मूळ पोथीचें, मग क्रमानें एकेका मॉडाचें, आणि अगदीं उजवीकडचें तें खेळ वाचतो. जेथें मतभेद तेथें रंग बदललेला. तलवारीची ओळ बदललेली होती. आणि चेहऱ्याच्या ओळींत, आमच्या तर्काप्रमाणें, उजवीकडे मूळचेंच वर्णन उभें होतें.

चेहऱ्याचा मॉड शेवटीं नेला असता तर तोंड उजळलें असतें, पण तलवार गेली असती. ती तलवार दादानें निवडलेली. म्हणून तो मार्ग पुतणीनें मनावेगळा केला. तिनें तिसरेंच पान तयार केलें. तलवारवाल्याचें पान उतरून घेतलें, त्यांतल्या चेहऱ्याच्या ओळी काढून चेहरेवाल्याच्या ओळी तेथें आणून बसविल्या, आणि हें एका पानाचें इवलेसें मॉड सर्वांच्या शेवटीं ठेवलें. मी शेजारीं बसून ओळी वाचून दाखवीत होतों. हात सारा तिचा. डाव उघडतांना तिनें श्वास रोखून धरला होता, आणि खोटें कशाला सांगूं, मीहि. लिडिया दाराशीं उभी होती. हातांत तलवार तीच, तोंड स्वच्छ.

इतर दुखण्यांचें निदान यामानानें सोपें असतें. खेळ आरंभींचें पान दिसण्यापूर्वींच बंद पडला तर बहुधा एखाद्या मॉडाचा आधार जागेवर नसतो. ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ नांवाचा जो साहाय्यक कार्यक्रम पुष्कळ मॉडांना लागतो, तो खेळाच्या नेमक्या आवृत्तीशीं जुळावा लागतो. ११ नोव्हेंबर २०२१ रोजीं खेळाच्या दहाव्या वाढदिवसाची नवी आवृत्ति निघाली तेव्हां त्यावर विसंबलेले मॉड सुधारून मिळेपर्यंत असंख्य लोकांचे डाव अडून बसले. जाणते लोक म्हणूनच खेळाला आपोआप नवा होऊं देत नाहींत. जागांनाहि पूर्वीं मर्यादा होती. मूळ पोथी धरून २५५ च्या वर पानांचे गठ्ठे बसत नसत, २०१७ पासून हलक्या गठ्ठ्यांची वेगळी सोय झाली.

पुतणीनें आतां एक वही घातली आहे. मॉडाचें नांव, आवृत्ति, बसविल्याची तारीख, तो त्याच जागीं कां, आणि फाईलींत कोणाच्या वर, असे पांच रकाने मीं आंखून दिले. डावांत एका ओढ्याच्या कांठीं गेलें कीं खेळ अजून कोसळतो. माणसांच्या चालण्याच्या वाटा कोणा मॉडानें तेथें पुसून टाकल्या असाव्यात असा तिचा संशय आहे. तूर्त वीर लांबच्या वाटेनें जातो. गेल्या रविवारीं दादानें तिकडून पावसाचा एक नवा मॉड सुचविला. तो कितव्या जागीं बसवावयाचा, यावर अर्धा तास फोनवर वाद झाला. पुतणी म्हणते झाडांच्या आधीं, तो म्हणतो झाडांनंतर. माझ्याकडे पंचायत आली आहे, आणि एक्स-एडिटमध्यें पाहिल्यावांचून निकाल देणार नाहीं असें मीं दोघांनाहि सांगितलें आहे.