हिरवा ठिपका

पिशवीतला पहिला हिरवा ठिपका मला दिसला तो मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. घट मांडायचा म्हणून घर पहाटेच धुऊन काढले होते, उंबऱ्यावर रांगोळी होती, आणि वर्षातल्या सर्वांत स्वच्छ म्हणाव्या अशा दिवशी माडीवरच्या खोलीत ही घाण उगवली होती. दुसऱ्या दिवशी ठिपक्याचा रुपयाएवढा डाग झाला. आठवडाभरात अकरापैकी सात पिशव्या हिरव्या पडल्या. त्या मी गावाबाहेर नेऊन पुरल्या आणि परतताना गोदावरीच्या घाटावर बराच वेळ बसून राहिले.

अळिंबीच्या नादाला मी कशी लागले हे थोडक्यात सांगून टाकते. एम. ए. मराठी होऊन वीस वर्षे लोटली तरी मी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले. तासिका नाहीत म्हणून मानधन नाही, इतका तो सरळ हिशेब होता. पैठणच्या आमच्या जुन्या घरात माडीवर जाड भिंतींची, उत्तरेकडची एक अंधारी खोली रिकामी पडलेली होती. धिंगरी अळिंबीला 20 ते 28 अंश तापमान मानवते, म्हणजे आमच्याकडे कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस. गव्हाचे काड आणि ज्वारी यांची मराठवाड्यात वानवा नाही. काड रात्रभर भिजत घालायचे, 80 अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात तासभर ठेवायचे, मुठीत दाबले तरी पाणी ठिबकू नये इतके निथळू द्यायचे, मग पिशवीत थरावर थर रचत मध्ये स्पॉन पेरायचे. स्पॉन म्हणजे शिजवलेल्या धान्यावर वाढवलेले कवक. ओल्या काडाच्या शेकडा 2 इतके पुरते. पिशवीला छिद्रे पाडून ती अंधारात टांगली की 15-20 दिवसांत काड पांढऱ्या तंतूंनी बांधले जाते. पुस्तिकेत एवढेच असते. शेवटी ‘स्वच्छता पाळावी’ असे एक वाक्य असते, आणि सगळी मेख त्या वाक्यात आहे.

तो हिरवा प्राणी कोण हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. त्याचे नाव ट्रायकोडर्मा. गंमत अशी की आमच्याच बाजारपेठेतल्या कृषी सेवा केंद्रात तो पुड्यांमधून विकत मिळतो. हरभऱ्याला मर लागू नये म्हणून शेतकरी तो बियाण्याला चोळतात, शेणखतात मिसळून रानात टाकतात. तिथे तो मित्र, कारण तो दुसऱ्या बुरशांना खातो. आणि अळिंबी ही शेवटी एक बुरशीच. शेतात ज्याला पैसे देऊन बोलवायचे त्याच्यासाठी माडीवर दार लावून घ्यायचे. वस्तू तीच, जागा बदलली की ती घाण ठरते.

हे सारे मला नंतर समजले. त्या आठवड्यात मात्र माझे मन पुरावा न शोधताच एका ठिकाणी जाऊन थांबले होते, आणि ते ठिकाण म्हणजे घरी भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी. त्या कोणत्या वस्तीतून येतात हे इथे लिहीत नाही. मराठी वाचकाला ते लिहून सांगण्याची गरज पडू नये.

दुसऱ्या खेपेला मी नियम केले. खोलीत जाण्यापूर्वी स्नान, धुऊन वेगळे वाळवलेले कपडे, केस बांधलेले, हात कोपरापर्यंत धुतलेले, काम होईपर्यंत बोलणे नाही. नियम करताना ते मला आधुनिक वाटले. माझी आजी पहाटे काठीने उंच वलणीवरचे लुगडे खाली घ्यायची, ते कुणी शिवले तर पुन्हा पाण्यात बुडवायची, स्वयंपाक होईस्तोवर अक्षर बोलायची नाही. ही आठवण त्या वेळी आली नाही. ती आली ती मावशी झाडू घेऊन माडी चढून आल्या तेव्हा. माझ्या तोंडून निघाले, “शिवू नका! तिथेच थांबा.” अनेकवचन माझे होते, शब्द आजीचा होता. मावशी उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरकल्या. त्या दुखावल्याचे काही दिसले नाही. किती मागे सरायचे हे त्यांच्या पावलाला आधीच ठाऊक होते, आणि मला अस्वस्थ केले ते त्याने. लहानपणी अंगण झाडायला येणाऱ्या बाईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला आजी मलाच धाडायची. तांब्या किती उंच धरायचा हे माझ्याही हाताला ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. करोनाच्या पहिल्या महिन्यांत आम्ही मावशींची कपबशी वेगळी करून खिडकीत ठेवली. तेव्हा त्याला कारण होते, निदान कारण देता येत होते. साथ ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, ती कपबशी खिडकीतच राहिली. रोगजंतूंनी एका जुन्या रिवाजाला नवे, शास्त्रीय दिसणारे वस्त्र पुरवले आणि आम्ही सुशिक्षितांनी ते मुकाट्याने नेसून घेतले.

दुसऱ्या खेपेच्या पिशव्याही हिरव्या पडल्या. त्या खेपेला मावशींनी खोलीत पाऊल टाकले नव्हते.

मग मी डोके चालवायला लागले. फरशी पुसली की ती लवकर वाळावी म्हणून दोन्ही वेळा मी छताचा पंखा पूर्ण वेगाने लावला होता आणि त्याच पंख्याखाली बसून पिशव्या भरल्या होत्या. कोपऱ्यात कोरड्या काडाचे पोते उघडे होते. काड म्हणजे बुरशीच्या बीजाणूंचे कोठार. मी खोली धूत होते, स्वतःला धूत होते, आणि हवा मात्र ढवळत होते. सोवळ्याच्या सगळ्या शास्त्रात हवेला विटाळ नाही, ही माझी चूक तिथली असावी. स्पर्शाची भीती आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. वाऱ्याची कोणी शिकवलीच नाही.

ट्रायकोडर्माचा बीजाणू 3-4 मायक्रॉनचा असतो. हवा स्तब्ध असेल तर हातभर उंचीवरून तळाशी बसायला त्याला पाव ते अर्धा तास पुरतो. पंखा चालू असेल तर तो दिवसभर खाली येत नाही. प्रयोगशाळांत यावर उपाय असतो तो हेपा गाळणीचा. अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी अशा गाळण्या 1940 च्या दशकात वापरात आल्या, आणि 1960 च्या सुमारास विलिस व्हिटफिल्ड या शास्त्रज्ञाने गाळलेली हवा एकाच दिशेने, भोवरे न होता, संथ वाहती ठेवण्याची युक्ती काढली. हेपा 0.3 मायक्रॉनचे शंभरातले 99.97 कण अडवते. हा आकडा मला आधी उगाच नेमका वाटे. त्यामागचे कारण फार सुंदर आहे. मोठे कण जडपणामुळे वळण घेऊ शकत नाहीत आणि धाग्यांवर आदळतात, अगदी बारीक कण इकडेतिकडे धडपडत राहतात आणि कधी ना कधी धाग्याला चिकटतात, 0.3 च्या आसपासचा कणच काय तो निसटण्यात सर्वांत पटाईत. म्हणून परीक्षा त्याची घ्यायची. बुरशीचे बीजाणू त्याच्या कितीतरी पट मोठे, ते सहज अडकतात.

असे यंत्र माझ्या आवाक्यातले नव्हते. मी पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पेटी आणली, तिला हात जातील अशी दोन भोके पाडली आणि ती टेबलावर उपडी घातली. आतून ओल्या फडक्याने पुसायची, पंखा बंद, खिडक्या बंद, अर्धा तास कोणी हलायचे नाही, मग हात घालून काम. हवा गाळता येत नसेल तर तिला निदान निजवावी, असा हा गरिबाचा उपाय. हातांना 70 टक्के अल्कोहोल लावायचे. याहून कडक अल्कोहोल झटकन उडून जाते आणि जंतूंमधली प्रथिने मोडायला थोडे पाणी लागतेच. पेटीत अल्कोहोलची वाफ कोंडलेली असताना दिवा मात्र आत न्यायचा नाही. हा धडा मी भुवया न गमावता शिकले, हे नशीब.

पेटी हवी होती ती स्पॉन घरीच करण्यासाठी. काडाला नुसते गरम पाणी चालते, किंबहुना काड पूर्ण निर्जंतुक केले तर ते उलटते: त्यावर तग धरून राहिलेले निरुपद्रवी जिवाणूही मरतात आणि रान मोकळे झाले की पहिला येईल तो राज्य करतो. ज्वारीचे तसे नाही. शिजलेला दाणा इतका सकस की त्यावर सगळेच तुटून पडतात, आणि काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात. त्यांना 121 अंशांची कोंडलेली वाफ लागते. म्हणून कुकर. बाटल्यांत अर्धवट शिजवलेली ज्वारी, तिला चुना आणि जिप्समची चिमूट, तोंडाला कापसाचा बोळा, आणि मंद आचेवर दीड तास.

या कापसाच्या बोळ्यावर माझा जीव जडला आहे. 1854 साली श्रोडर आणि फॉन डुश या जर्मनांनी दाखवले की कापसातून गाळलेली हवा उकळलेल्या रश्शाला नासवत नाही. काही वर्षांनी पाश्चरने कापसाच्याच एका रासायनिक रूपातून हवा ओढली, तो कापूस विरघळवला आणि अडकलेली धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आजीच्या लेखी रेशीम आणि लोकर जात्याच सोवळी, सुताला मात्र रोज धुऊन शुद्ध व्हावे लागे. पैठणीच्या गावात रेशमाचा मान मोठा. तरी माझ्या बाटलीच्या तोंडाशी पहारा करतो तो शेजारच्या शेतातला कापूस. वाफ त्यातून जाते, हवा जाते, बीजाणू अडतात. अळिंबीला श्वास हवा असतोच. पिशव्या पांढऱ्या झाल्या की तर दार-खिडक्या दिवसातून चार-पाच वेळा उघडाव्या लागतात, नाहीतर कोंडलेल्या हवेत देठ लांबतात आणि छत्र्या खुरटतात.

पैठणला राहून या विषयावर नाथांशिवाय लिहिता येत नाही. तहानेल्या गाढवाला काशीची कावड पाजणारे, वाळवंटातले तापलेल्या वाळूवरचे पोर उचलून महारवाड्यात पोहोचवणारे नाथ सगळ्यांना माहीत असतात. मी वर्गात त्यांच्याविषयी बोलताना आणखी एका कामावर भर देते: शके 1506, म्हणजे 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलामागून नकला होताना शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि पुढे कोणी आपली ओवी आत घालू नये असे कडक शब्दांत बजावले. माणसांच्या बाबतीत विटाळ न मानणारा पुरुष पाठाच्या बाबतीत इतका सोवळा होता. कवकाची लागण एका बाटलीतून दुसरीत नेताना मला हे काम आठवते, कारण हीही नक्कलच. एका नकलेत शिरलेला दोष पुढच्या सगळ्या नकलांत उतरतो. फरक एवढाच, की अपपाठ ओळखायला नाथांसारखा अधिकारी लागतो आणि माझा अपपाठ पाचव्या दिवशी आपण होऊन हिरवा होतो.

मावशींची मी क्षमा मागितली असे इथे लिहिता आले तर बरे झाले असते. मागितली नाही. हिवाळा संपत आला तेव्हा मी त्यांना माडीवर बोलावले आणि पेटी दाखवली, एवढेच. त्यांचा हात माझ्याहून स्थिर आहे, हे पहिल्याच दिवशी कळले. मी बाटली उघडताना घाई करते, पुटपुटते, वाकून पाहते, आणि माणसाच्या तोंडाइतकी घाण जागा त्या खोलीत दुसरी नाही. त्या बोळा करंगळीत धरतात, बाटली आडवी ठेवतात, दाणे सोडतात, बोळा लावतात. आता बाटलीमागे ठरलेली रक्कम त्यांना मिळते; भांड्यांचे पैसे वेगळे. ती रक्कम पुरेशी आहे का, यावर आमचे मागच्या महिन्यात बोलणे झाले आणि मला ती वाढवावी लागली.

परवा मला सर्दी होती. मी सवयीने माडी चढले, तर मावशी आतूनच म्हणाल्या, “ताई, तुम्ही नका येऊ आत. शिंका यायल्यात तुम्हाला.” मी उंबऱ्याबाहेर जिन्यावर बसून राहिले. खाली कुकरची वाफ उतरायची होती. बारा बाटल्या झाल्या. त्यांतल्या दोन आज सकाळी हिरवट दिसतात. आदल्या दिवशी मी भरल्या होत्या त्या याच का, हे चिठ्ठी पाहून ठरवायचे आहे.