विहिरीकडचा कोपरा

अब्बा गेल्यावर चिपळूणजवळच्या गावातलं आमचं घर नऊ वर्षं बंद होतं. मुंबईची नोकरी संपली आणि गेल्या नोव्हेंबरात आम्ही नवराबायको तिथं राहायला आलो. घराभोवती बावीस गुंठे जमीन आहे, कागदावर. प्रत्यक्षात फाटकापासून पडवीपर्यंत पोचायलाच कोयती लागली.

सगळीकडे रानमोडी माजली होती. हे झुडूप मूळचं अमेरिकेतलं, पण आता कोकणात त्याला कोणी परकं म्हणत नाही. मी उत्साहानं ग्रास कटर भाड्यानं आणला. शेजारचे काका गडग्यापलीकडून म्हणाले, "कापू नको, उपट. कापलेली पावसात पुन्हा फुटते. आणि बी उडायच्या आत उपट." मग दोन गडी घेऊन महिनाभर तेच केलं. पेटवून मोकळं व्हा, असं सांगणारेही भेटले. सुक्या गवतातून आग काकांच्या कलमांत शिरली असती, तर त्यांना तोंड कसं दाखवलं असतं? आमच्या चार हापूसवर बांडगूळ होतं, ते फांद्यांसकट उतरवलं.

दक्षिणेच्या कोपऱ्यात घाणेरीचं रान होतं. तिथं कुदळ मारता मारता एका गड्याचा पाय घसरला. दुसऱ्यानं दंड धरला म्हणून वाचला. खाली विहीर होती, जांभ्यात बांधलेली, कठडा नसलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी पनवेलच्या फुफीला फोन केला. ती म्हणाली, "अजून कठडा नाही तिला? माझ्या लग्नाआधी भाईजान बांधणार होते. पाणी गोड आहे हो तिचं."

पंपाच्या वीजजोडणीसाठी सातबारा काढला. भोगवटादार म्हणून अब्बा आणि चाचा. फुफीचं नाव खाली, 'इतर हक्क' या रकान्यात. गावातल्या एका जाणत्यानं सल्ला दिला, "वारसनोंद करताना फुफीकडून हक्कसोड घेऊन टाक. सही करतील त्या."

करेलच. आमच्याकडे बहिणी सही करतातच. सूरह निसामधले वाटे आम्हाला पाठ असतात. मय्यतीनंतर जेवायला बसलेले पुरुष त्यावर तासभर बोलू शकतात. दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे पाचवा हिस्सा. बावीस गुंठ्यांत चार गुंठ्यांहून थोडं जास्त. अब्बा दर मे महिन्यात पनवेलला आंब्याची पेटी पाठवायचे आणि बहिणीचं सगळं पोचलं असं आम्ही समजायचो. मीही समजायचो.

जानेवारीत फुफी आली. पडवीत चहा घेताना मी तिला सातबारा दाखवला, तुझं नाव वर आणूया म्हणालो. तिनं कागद लांब धरून वाचला आणि घडी घालून परत दिला.

"या वयात मला काय करायचीय जमीन?"

मग काठी टेकत साफ केलेल्या वाटेनं ती विहिरीपर्यंत गेली. बराच वेळ आत बघत उभी राहिली.

"हा कोपरा असेल तर घेईन," ती म्हणाली.

कुवेतला चाचांना सगळं कळवलंय. मेसेजवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. कठड्यासाठी चिरे मात्र सोमवारी येतायत.